जामीनदाराची नादारी

विक्रीकर खात्याचे टिपणीस साहेब जप्तीची नोटीस घेऊन आले, तेव्हा भरमाप्पा माळगे आपल्या भांड्यांच्या दुकानात एका कळशीवर नाव घालत बसले होते. साहेबांनी नोटीस पुढे केली, भरमाप्पांनी चहा सांगितला. चहा येईपर्यंत साहेबांनी दुकान न्याहाळलं. चहा पिऊन झाल्यावर त्यांनी सांगितलं, की महिनाअखेरपर्यंत थकबाकी भरली नाही तर हे सगळं उचलून न्यावं लागेल. भरमाप्पांनी आणखी अर्धा कप घ्या म्हणून आग्रह केला. साहेबांनी तोही घेतला, कारण नोटिशीत त्याला मनाई नव्हती.

थकबाकी अशी होती, की दुकानातली भांडी, शांतादेवींच्या पाटल्या आणि वर भरमाप्पांची स्कूटर विकली असती तरी मुद्दल जेमतेम निघालं असतं आणि व्याज तसंच उभं राहिलं असतं. बरं, भरमाप्पांनी सरकारला फसवायचं कधी मनातही आणलं नव्हतं. त्यांनी फक्त मेहुण्याकडे एक कागद मागितला नव्हता.

शांतादेवी म्हणजे भरमाप्पांच्या सौभाग्यवती. त्यांचा धाकटा भाऊ वीरेश निपाणीला भांडी विकायचा आणि सगळा माल दाजींकडून न्यायचा. कोल्हापुरातून सकाळी निघून, निपाणीत जेवून, दिवे लागायच्या आत घरी येता येतं. पण कागल सोडलं की कर्नाटक लागतं आणि सख्खा मेहुणा परराज्यातला व्यापारी होतो. अशा व्यापाऱ्यानं ‘सी फॉर्म’ नावाचा कागद दिला की विकणाऱ्याला कर कमी बसतो. कागद नसला की पुरा बसतो, आणि ते मागाहून उघडकीला आलं तर दंडासकट बसतो. भरमाप्पा वर्षानुवर्षं कमी कराच्या भावानं माल देत होते आणि कागद मागत नव्हते. बायकोच्या भावाकडं कागद कसा मागायचा? उद्या तो म्हणेल, दाजींचा माझ्यावर विश्वास नाही. त्यापेक्षा सरकारचा आपल्यावर विश्वास नसलेला परवडला, असं त्यांना वाटायचं. तो किती परवडतो ते आता नोटिशीत छापून आलं होतं.

भीड ही भिकेची बहीण, असं म्हणतात. भरमाप्पांकडं दोघी बहिणी एकाच घरात नांदत होत्या. त्यांना कुणालाही नाही म्हणता येत नसे, आणि ही गोष्ट गल्लीतल्या शेंबड्या पोरापासून पतसंस्थेच्या संचालकांपर्यंत सर्वांना ठाऊक होती. कर्ज काढायचं ठरलं की माणसं अर्जावर आधी जामीनदाराच्या जागी भरमाप्पांचं नाव लिहायची आणि मग स्वतःचं. कृष्णात पैलवानाचा टेम्पो, शालूबाईंची खानावळ, केरबाचा एसटीडी बूथ, सगळं भरमाप्पांच्या सहीवर उभं होतं. हप्ते थकले की नोटीस कर्जदाराला एक आणि भरमाप्पांना एक अशी यायची. कर्जदार आपली उघडत नसे आणि भरमाप्पांना दोन-दोन रात्री झोप लागत नसे. प्रत्येक सहीनंतर शांतादेवी कानडीत काहीतरी बोलायच्या. भरमाप्पांना ते नीट समजत असे, म्हणून ते मराठीत उत्तर देत.

नोटीस आल्याचं भरमाप्पांनी शेजारच्या केरबाला सांगितलं. केरबा दिवसभर बूथमध्ये बसून लोकांची बोलणी ऐकत असल्यामुळे त्याला सगळ्या विषयांतलं थोडंथोडं कळायचं. तो म्हणाला, नादारी जाहीर करून टाका. मुंबईत मोठमोठे शेट दिवाळं काढतात आणि दुसऱ्या दिवशी नवी गाडी घेतात. मग तोच त्यांना कोर्टासमोरच्या श्रीशैल वकिलाकडं घेऊन गेला.

श्रीशैल तरुण होता आणि भरमाप्पांच्या नात्यातला असल्यामुळे त्यानं फी आधी घेतली. नादारी म्हणजे आपल्याकडं काहीही नाही असं कोर्टाकडून ठरवून घेणं, हे त्यानं समजावून सांगितलं. मग जाड पुस्तक उघडलं, बोट फिरवत फिरवत खाली आला आणि थांबला.

“काका, एक अडचण हाय,” तो म्हणाला. “सरकारचं देणं नादारीतसुद्धा सुटत न्हाय. बाकी सगळ्यांची सुटत्यात.”

“बाकी कुणाचं माझ्यावर देणं न्हाय.”

“मग तुमास्नी नादारीचा कायबी उपयोग न्हाय.”

फी घेतलेली असल्यामुळे श्रीशैलनं तोटेही सांगितले. नादाराला कुणी कर्ज देत नाही, त्याला निवडणूक लढवता येत नाही, त्याच्या सहीला किंमत राहत नाही. भरमाप्पा इतका वेळ टेबलाच्या कडेवरचा रंग नखानं काढत होते. ते थांबले.

“सहीला किंमत ऱ्हात न्हाय, म्हंजे?”

“म्हंजे तुमचा जामीन कुठं चालणार न्हाय.”

“मी ऱ्हातो म्हटलं तरी?”

“तरी न्हाय.”

“समोरच्यानं पाय धरलं, त्याची म्हातारी आई येऊन दुकानात बसली, तरी?”

“काका, कायद्यातच बसत न्हाय.”

भरमाप्पा बराच वेळ पंख्याकडं पाहत राहिले. त्यांच्या चेहऱ्यावर असं समाधान केरबानं त्यांच्या मुलीच्या लग्नातही पाहिलं नव्हतं. मग ते म्हणाले, “अर्ज तयार कर.”

श्रीशैलनं पुन्हा समजावलं, की दुकान तरीही जाणार, कर तरीही राहणार. भरमाप्पा हो हो म्हणत होते. केरबाला मात्र घरी येता येता वाटेत आठवलं, की आपल्या बूथच्या कर्जाला जामीन भरमाप्पाच आहेत. त्यानं बूथचं शटर वर केलं आणि जो फोन करायला येईल त्याला आधी ही बातमी सांगायला सुरुवात केली.

शांतादेवींना भरमाप्पांनी रात्री जेवताना सांगितलं. त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो असा, की वीरेशनं फॉर्म दिले होते ना? आता बायकोच्या तोंडावर तिच्या भावाला नावं कशी ठेवायची? भरमाप्पा म्हणाले, दिले असतील, खात्यानं कुठं ठेवले कुणास ठाऊक. शांतादेवींनी खात्याला दोन शब्द वाहिले आणि त्यांना आणखी एक भाकरी वाढली.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडायच्या आत कृष्णात पैलवान येऊन पायरीवर बसला होता. गडी दारात बसला की आत उजेड कमी यायचा.

“मामा, तुम्ही नादार झालासा तर माझ्या टेम्पोचं कसं?” त्यानं विचारलं.

भरमाप्पांनी सांगितलं, की त्याला नवा जामीनदार शोधावा लागेल. कृष्णातनं शांतपणे विचार केला आणि म्हणाला, “मला कोण जामीन ऱ्हातंय? मी हप्तं भरत न्हाय की.”

त्याच्यामागून शालूबाई आल्या. त्यांनी खानावळीतून झुणक्याचा डबा आणला होता आणि तो भरमाप्पांच्या हातात देताना त्या रडल्या. कराचं काय झालं, दुकान राहतंय की जातंय, हे दोघांनीही विचारलं नाही. दुपारपर्यंत दुकानात इतकी माणसं जमली की खऱ्या गिऱ्हाइकांना वाटलं आत कुणीतरी गेलं आहे, आणि ती चपला बाहेर काढून गंभीर चेहऱ्यानं आत येऊ लागली.

संध्याकाळी पतसंस्थेचा मॅनेजर ज्ञानू घाम पुसत घरीच आला. त्याच्यामागोमाग बाकीचेही आले आणि सोप्यात सतरंजीवर बसले. ज्ञानूनं आवाज खाली आणून सांगितलं, की त्यानं दुपारभर कर्जं तपासली आणि त्याला चक्कर आली. जिकडंतिकडं जामीनदार एकच. हा माणूस नादार झाला तर सगळी कर्जं बिनजामिनाची ठरतील, संचालक त्याला उलटा टांगतील आणि मग ठेवीदार संचालकांना.

“आण्णा, तुम्ही नादार झालासा तर संस्था बुडती,” तो म्हणाला. “ही गोष्ट तुम्ही घरातल्या मानसांचा इचार घेऊन करायला पायजे हुती.”

भरमाप्पांनी माफी मागितली. खरं तर दुकान जाणार होतं त्यांचं, पण समोरची तोंडं पाहून आपणच सगळ्यांना बुडवतोय असं त्यांना मनापासून वाटू लागलं. तेवढ्यात केरबानं विषय काढला, की हे सगळं त्या निपाणीच्या फॉर्मपायी झालं. मेहुण्यानं फॉर्म दिले असते तर ही वेळच आली नसती.  शांतादेवी स्वयंपाकघरातून बाहेर आल्या, नवऱ्याकडं पाहिलं, आणि नवऱ्यानं सतरंजीकडं पाहिलं.

“उद्या सकाळी निपाणी,” त्या म्हणाल्या.

पण गल्लीनं त्यांना बोलू द्यायचं नाही असं ठरवलं. माहेरचा मामला, बहीण-भावात वाकडं यायला नको. आम्ही बोलतो, आम्हाला कसली भीड, असं सगळ्यांचं म्हणणं पडलं. आणि ते खोटं नव्हतं. पैलवानानं एकदा वाहतुकीच्या हवालदाराला त्याच्याच मोटारसायकलवरून उचलून बाजूला ठेवलं होतं. शालूबाई बिल न देणाऱ्या गिऱ्हाइकाचं ताट त्याच्या तोंडापुढून ओढून घ्यायच्या. अशी माणसं कागद मागायला निघाल्यावर कागदानं आपणहून चालत यायला हवं होतं.

सकाळी कृष्णातच्या टेम्पोत सगळे बसले. शांतादेवी पुढं, बाकीचे मागं. कोगनोळीच्या नाक्यावर शिपायानं मागं काय माल आहे म्हणून विचारलं. कृष्णात म्हणाला, “माल न्हाय, कर्जदार हाईत.” शिपायानं मागं डोकावून पाहिलं आणि सोडून दिलं.

वीरेशनं स्वागत मोठं केलं. आक्का आली, दाजी आले, दाजींच्या गल्लीतली माणसं आली. रात्रीच केरबाच्या बूथवरून निरोप गेला होता, म्हणून त्यानं घरात पुरण शिजवायला सांगितलं होतं. बोलणं जेवणाआधी काढायचं असं वाटेत ठरलं होतं, पण पाय धुतात न धुतात तोच पानं मांडली गेली. होळगीवर, म्हणजे तिकडच्या पुरणपोळीवर, तूप, आणि तूप वाढायला स्वतः वीरेश. आता ज्याच्या हातचं तूप पानात पडतंय त्याच्याकडं हिशोबाचं कसं काढायचं? कृष्णातला सगळे डोळ्यांनी खुणावत होते. त्यानं घास गिळला, घसा साफ केला आणि विचारलं, “हिकडं औंदा पाऊस कसा हाय?”

पाऊस बरा होता. मग ज्ञानूनं तंबाखूचे भाव विचारले. तेही बरे होते. शालूबाईंनी आमटीत काय काय घातलं ते विचारून घेतलं. केरबाला वीरेशनं आग्रह करून आणखी एक होळगी वाढली, तेव्हा केरबा जवळजवळ बोलणारच होता, पण त्याच्या तोंडात होळगी होती. भरमाप्पा खाली मान घालून जेवत होते आणि आयुष्यात पहिल्यांदाच त्यांना आपण एकटे नाही असं वाटत होतं.

जेवणानंतर पान झालं, पानानंतर वीरेशचं नवं दुकान पाहून झालं, सगळ्यांनी त्याचं कौतुक केलं. वीरेशच्या बायकोनं प्रत्येकाच्या हातात होळगीची पुडी दिली. सगळे टेम्पोत चढले. मागं बसल्या बसल्या त्यांच्यात हलक्या आवाजात भांडण सुरू झालं, की बोलायचं नक्की कुणी होतं. कृष्णातनं टेम्पो सुरू केला. शांतादेवींनी चावी फिरवून बंद केला आणि खिडकीतून डोकं बाहेर काढलं.

“वीरेश, ह्यांचं फॉर्म दे.”

“त्ये व्हय, आक्का?” वीरेश म्हणाला. “देतो की. दाजींनी कधी मागितलंच न्हाईत. मी आपणहून पाठवलं असतं तर दाजींस्नी वाटलं असतं, मेहुणा हिशोबावर आला.”

शांतादेवींनी एकदा भावाकडं आणि एकदा मागच्या फळीवर बसलेल्या नवऱ्याकडं पाहिलं. मग त्या कानडीत जे बोलल्या ते दोघांनाही नीट समजलं. वीरेशनं तिथंच बसून फॉर्म भरले. पहिल्या दोन वर्षांचे मात्र देता येईनात, कारण तेव्हाचा माल त्यानं स्वतःच्या वहीत घेतलाच नव्हता, तसाच विकून टाकला होता. ते त्यानं दाजींना सांगितलं नव्हतं. दाजींना वाईट वाटलं असतं.

टिपणीस साहेबांनी फॉर्म उलटसुलट पाहिले आणि एवढ्या उशिराचं कारण विचारलं. कारण लिहावं लागतं, असंही म्हणाले.

“मेहुणा,” भरमाप्पा म्हणाले.

“सख्खा?”

“सख्खा.”

साहेब थोडा वेळ खिडकीबाहेर पाहत राहिले. मग त्यांनी ‘कारण पुरेसे व वाजवी’ असा शेरा मारला आणि फॉर्म ठेवून घेतले. थकबाकी पुष्कळच खाली आली. पण त्या दोन वर्षांचा कर, व्याज आणि दंड उरलाच. आणि तो महिनाअखेरपर्यंत भरला नसता तर दुकानातली मोठी भांडी तरी नक्की गेली असती. मोठी भांडी गेल्यावर दुकानात वाट्या आणि भरमाप्पा, एवढंच राहिलं असतं.

मग पतसंस्थेतून कर्ज काढायचं ठरलं. ज्ञानू म्हणाला, तुमच्यासाठी एका दिवसात करतो. गल्ली सगळी हजर होती. भरमाप्पा पहिल्यांदाच टेबलाच्या त्या बाजूच्या खुर्चीवर बसले, अर्जदाराच्या. त्यांना फार लाज वाटत होती. नाव, पत्ता, धंदा, सगळं लिहून झालं आणि ज्ञानूचं पेन जामीनदाराच्या जागी येऊन थांबलं. सवयीनं त्यानं तिथंही ‘भरमाप्पा’ लिहायला घेतलं होतं. मग ते खोडलं.

नियम असा होता, की ज्याच्यावर संस्थेचं कर्ज आहे त्याला दुसऱ्याला जामीन राहता येत नाही. ज्ञानूनं कृष्णातकडं पाहिलं, शालूबाईंकडं पाहिलं, केरबाकडं पाहिलं. एकेकावर नजर टाकत तो भिंतीपर्यंत गेला आणि परत आला.

“आण्णा,” तो म्हणाला, “नियमात बसंल असा गल्लीत एकच मानूस हाय. आनि तुम्हीच अर्जदार हाय.”

सगळे एकमेकांकडं पाहू लागले. भरमाप्पांच्या चेहऱ्यावर मात्र हळूहळू पुन्हा तेच समाधान दिसू लागलं. ते म्हणाले, काही हरकत नाही, श्रीशैलकडं नादारीचा अर्ज तयारच आहे, जाता जाता सही करतो. हे ऐकून शालूबाईंनी पदर डोळ्याला लावला आणि कृष्णात मटकन बाकावर बसला. बाक त्याच्यासाठी केलेलं नव्हतं, ते कुरकुरलं.

दाराजवळ शांतादेवी उभ्या होत्या. त्यांची रोजच्या बचतीची पिग्मी याच संस्थेत होती आणि कर्ज एक पैशाचं नव्हतं. ज्ञानूच्या ते एकदम ध्यानात आलं. तो उठून उभा राहिला, अर्ज त्यांच्यापुढं केला आणि म्हणाला, “वैनी, एक सही.”

“मी कुणाला जामीन ऱ्हात न्हाय,” शांतादेवी म्हणाल्या.

खोलीत सगळे चपापले. भरमाप्पांनी बायकोकडं वळून पाहिलं. त्यांना राग आला नाही. पंचवीस-तीस वर्षं ते हे वाक्य शोधत होते आणि ते इतकं लहान असेल असं त्यांना वाटलं नव्हतं. छत जागेवर होतं. ज्ञानू तसाच उभा होता, त्याला काही झालं नव्हतं.

“ऐकलासा?” शांतादेवी नवऱ्याला म्हणाल्या. “आता तुम्ही म्हणा. मग मी सही करती.”

भरमाप्पांनी ओठ हलवले.

“मोठ्यानं.”

“मी कुणाला जामीन ऱ्हात न्हाय,” भरमाप्पा म्हणाले. वाक्य पुरं झालं. शांतादेवींनी खुर्ची ओढली, अर्ज वरपासून खालपर्यंत वाचला, आणि सही केली. त्या संस्थेत अर्ज वाचून सही करणारं माणूस ज्ञानूनं पहिल्यांदाच पाहिलं. दुकान वाचलं. भरमाप्पांचे डोळे भरून आले आणि त्यांनी ते लपवलेही नाहीत.

ज्ञानूनं शिक्का मारला, अर्ज आत ठेवला आणि त्याच खणातून दुसरा काढला. तो एका बँकेचा होता. ज्ञानूच्या थोरल्या मुलाला रिक्षा घ्यायची होती, आणि मॅनेजरच्या घरच्याला स्वतःच्या संस्थेतून कर्ज देता येत नव्हतं. त्यानं तो अर्ज घडी उलगडून भरमाप्पांपुढं सरकवला. जामीनदाराच्या जागी नाव आधीच लिहिलेलं होतं.

“आता तुमची नादारी टळली,” तो म्हणाला. “तवा म्हटलं, आजच्या आज...”

भरमाप्पांनी बायकोकडं पाहिलं. बायको मुद्दाम भिंतीवरच्या कॅलेंडरकडं पाहत होती.

“ज्ञानू,” भरमाप्पा म्हणाले, “मी कुणाला जामीन ऱ्हात न्हाय.”

“बरं,” ज्ञानू म्हणाला आणि अर्ज परत घेतला.

भरमाप्पा खुर्चीच्या कडेवर आले. “एवढंच?”

“एवढंच की. तुम्ही न्हाय तर दुसरं कोणतरी.” ज्ञानूनं जामीनदाराच्या जागेवरचं नाव खोडलं, पेन तसंच उघडं ठेवलं आणि खोलीभर नजर फिरवली. केरबाला बूथ उघडा राहिल्याची आठवण झाली. शालूबाईंचं आधण चुलीवर होतं. कृष्णात पैलवान खाली वाकून, पायांत असलेल्या चपला शोधू लागला.